महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मॉफ कसा तयार करावा आणि केळ्यांवर तो कसा तपासावा

२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक क्योटोचे सुसुमू कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन आणि बर्कलीचे ओमर याघी यांना विभागून मिळाले. तेव्हापासून धातू-सेंद्रिय सांगाडे, म्हणजेच मॉफ, हा शब्द बी.एस्सी.च्या वर्गातही रुळला आहे. मी जळगाव जिल्ह्यात रसायनशास्त्र शिकवतो. रावेर-यावलच्या पट्ट्यातली मुले केळीच्या बागांमधून वर्गात येत असल्यामुळे त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हा पदार्थ वायू शोषून घेतो, तर केळी पिकवणारे इथिलीनही तो शोषेल का, आणि माल दोन-चार दिवस जास्त टिकेल का? या प्रश्नाचे उत्तर वाचून मिळवण्यापेक्षा हाताने करून मिळवणे मला अधिक मोलाचे वाटते. त्यासाठी लागणारी कृती, ती करताना होणाऱ्या चुका आणि मिळालेल्या निष्कर्षाचा अर्थ कसा लावावा, हे येथे क्रमाने लिहितो.

मॉफ म्हणजे धातूचे अणू हे सांधे आणि सेंद्रिय रेणू हे वासे अशी बांधणी असलेला स्फटिक. वाशांच्या मधली जागा रिकामी राहते आणि त्या पोकळीत वायूचे रेणू जाऊन भिंतींना चिकटतात. रेणू पृष्ठभागावर चिकटण्याच्या या क्रियेला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो ते शोषण, आणि येथे घडते ते वेगळे, हा फरक विद्यार्थ्यांनी सुरुवातीपासून पाळावा. आपण जो मॉफ करणार आहोत त्याचे नाव एचकेयूएसटी-१ असे आहे, कारण तो १९९९ मध्ये हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात तयार झाला आणि त्या विद्यापीठाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच त्याचे नाव पडले. तांबे आणि ट्रायमेसिक आम्ल यांपासून बनणाऱ्या या भुकटीच्या एका ग्रॅममध्ये साधारण १५०० ते १९०० चौरस मीटर अंतर्गत पृष्ठभाग असतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर भुकटीत पंधरा ते एकोणीस गुंठे जमीन घडी करून ठेवलेली असते.

हाच मॉफ निवडण्याची कारणे व्यावहारिक आहेत. तो साध्या तापमानाला तयार होतो, उच्च दाबाच्या भांड्याची गरज पडत नाही, आणि मुख्य म्हणजे तो आपली अवस्था रंगाने सांगतो. पोकळ्या रिकाम्या असताना तो गडद जांभळट निळा दिसतो आणि पाणी धरले की फिकट मोरपंखी होतो. ज्या प्रयोगशाळेत पृष्ठभाग मोजण्याचे यंत्र नाही, तिथे हा रंग हेच आपले यंत्र आहे.

तयारी

कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेट ३.६ ग्रॅम आणि ट्रायमेसिक आम्ल २.५२ ग्रॅम मोजून घ्यावे. हे आकडे असेच का, ते विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे: सांगाड्याच्या सूत्रात तांब्याचे तीन अणू आणि आम्लाचे दोन रेणू असतात, कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेटचा रेणुभार सुमारे १९९.७ आणि ट्रायमेसिक आम्लाचा सुमारे २१०.१ आहे, म्हणजे १८ मिलीमोल तांब्याला १२ मिलीमोल आम्ल लागते. याखेरीज प्रयोगशाळेतले इथेनॉल, ऊर्ध्वपातित पाणी, मॅग्नेटिक स्टिरर, बुखनर गाळणी, ओव्हन आणि ताज्या सिलिका जेलचा डेसिकेटर (वस्तू कोरडी ठेवणारे झाकणाचे भांडे) लागेल. व्हॅक्यूम ओव्हन असल्यास उत्तम.

तांब्याचे क्षार डोळ्यांना आणि पोटाला घातक असतात, म्हणून चष्मा व हातमोजे घालूनच काम करावे. कोरडी भुकटी हाताळताना मास्क लावावा, कारण ती फार बारीक असते आणि उडते. इथेनॉलजवळ कोणतीही ज्योत असू नये.

भुकटी तयार करणे

कॉपर ॲसिटेट १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे. हे थोडे सावकाश विरघळते, त्यामुळे तळाशी खडे उरलेले दिसले तर घाई न करता ढवळत राहावे आणि तरीही उरल्यास द्रावण गाळून घ्यावे. दुसऱ्या बीकरमध्ये ट्रायमेसिक आम्ल १०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये घेऊन, बीकर कोमट पाण्याच्या भांड्यात धरून, ते पूर्ण पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. आता तांब्याचे निळे द्रावण स्टिररवर ठेवून त्यात आम्लाचे द्रावण बारीक धारेने सोडावे. पहिल्या काही थेंबांतच पारदर्शक निळे द्रावण दुधाळ होते आणि थोड्याच वेळात बीकरमध्ये मोरपंखी रंगाचा दाट साका फिरू लागतो. या वेळी बीकरवर हलकेच वास घेतला तर व्हिनेगरचा ओळखीचा दर्प येतो. तांब्याला चिकटलेला ॲसिटेट सुटून त्याचे ॲसिटिक आम्ल होत असल्याची ती खूण आहे, आणि सांगाडा बांधला जात आहे हे नाकाला कळण्याचा हा एकमेव क्षण असल्यामुळे मी तो विद्यार्थ्यांना कधी चुकू देत नाही.

ढवळणे इथेच थांबवू नये. झाकण ठेवून मिश्रण रात्रभर, म्हणजे अठरा ते चोवीस तास, सावकाश फिरू द्यावे. घाईने गाळलेल्या भुकटीत स्फटिक नीट वाढलेले नसतात आणि आम्लाचा काही भाग तसाच राहतो. पाणी व इथेनॉल यांचे प्रमाण निम्मे-निम्मे ठेवण्यालाही अर्थ आहे. पाणी जास्त झाले तर तांबे व आम्ल यांची, पोकळ्या नसलेली, फिकट निळ्या सुयांसारखी वेगळीच संयुगे तयार होऊ शकतात. इथेनॉल वाचवण्यासाठी निव्वळ पाण्यात करून पाहू या, असा मोह दर वर्षी एखाद्या गटाला होतो, तो टाळावा.

दुसऱ्या दिवशी साका बुखनर गाळणीतून गाळावा. कण फार बारीक असल्यामुळे गाळणकागद तुंबतो. सेंट्रिफ्यूज उपलब्ध असेल तर तोच वापरावा. गाळलेली भुकटी एकदा निम्म्या पाण्याच्या इथेनॉलने आणि नंतर तीन वेळा शुद्ध इथेनॉलने धुवावी. निळे गाळण बेसिनमध्ये ओतू नये. ते एका बरणीत जमवून त्यात धुण्याचा सोडा घातला की तांबे कार्बोनेटच्या रूपात खाली बसते. तो साका गाळून प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्यावा.

पोकळ्या रिकाम्या करणे

संपूर्ण कृतीत सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. धुतलेली भुकटी दिसायला तयार असते, पण तिच्या पोकळ्या पाणी, इथेनॉल आणि उरलेल्या आम्लाने गच्च भरलेल्या असतात. भरलेल्या गोदामात नवा माल ठेवता येत नाही, तसे या अवस्थेतील भुकटीत कोणताही वायू शिरत नाही.

प्रथम भुकटी ताज्या इथेनॉलमध्ये चोवीस तास भिजत ठेवावी आणि या काळात इथेनॉल दोनदा बदलावे. पाणी तांब्याला घट्ट धरून बसते, इथेनॉल त्या मानाने लवकर सुटते, आणि आधी पाण्याची जागा इथेनॉलने घेतली की पुढचे काम सोपे होते. नंतर इथेनॉल ओतून टाकून भुकटी काचेच्या पसरट भांड्यात पातळ थरात पसरावी आणि प्रथम हवेशीर जागी, फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), दारूचा वास जाईपर्यंत सुकवावी. इथेनॉलने ओली भुकटी थेट ओव्हनमध्ये ठेवू नये. त्याची वाफ बंद ओव्हनमध्ये पेट घेऊ शकते. त्यानंतर ६० ते ७० अंश सेल्सिअसला दोन तास, आणि मगच व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० अंशांवर सहा ते आठ तास ठेवावी. व्हॅक्यूम नसेल तर साध्या ओव्हनमध्ये १५० अंशांवर रात्रभर ठेवूनही काम बऱ्यापैकी भागते. तापमान पायरीपायरीने वाढवण्याचे कारण असे की गरम पाण्याची वाफ या सांगाड्याचे तांबे-आम्लाचे सांधे तोडते. दमट भुकटी एकदम १५० अंशांवर टाकली तर तिच्यातल्याच पाण्याने ती खराब होते.

ओव्हनचे दार उघडल्यावर मोरपंखी भुकटीच्या जागी गडद, जांभळट निळी भुकटी दिसली पाहिजे. भांडे गरम असतानाच ते डेसिकेटरमध्ये ठेवावे. एकदा मी हे भांडे टेबलावर ठेवून दार लावायला वळलो आणि शेजारच्या वर्गातून आलेल्या प्रश्नाचे उत्तर देत बसलो. ऑगस्ट महिना होता. परत येऊन पाहतो तर भांड्याच्या कडेने फिकट निळसर वलय आत सरकत होते, मध्यभागी फक्त रुपयाएवढा गडद डाग उरला होता, आणि आठ तासांच्या तापवण्याचे काम काही मिनिटांत पुन्हा शून्यावर आले होते. तेव्हापासून डेसिकेटर ओव्हनच्या अगदी शेजारी आणि झाकण सैल करून ठेवणे, हा आमच्या प्रयोगशाळेतला नियम आहे.

उतारा मोजताना एक काळजी घ्यावी. वर दिलेल्या मापांतून रिकाम्या पोकळीचा मॉफ जास्तीत जास्त ३.६३ ग्रॅम मिळू शकतो. मोरपंखी अवस्थेत वजन केले तर आकडा याहून मोठा येतो, कारण दमट हवेत ही भुकटी स्वतःच्या वजनाच्या ३० ते ४० टक्के पाणी सहज धरते. शंभर टक्क्यांहून अधिक उतारा वहीत लिहिलेला दिसला की वजन कोणत्या रंगाच्या भुकटीचे केले, हे आधी विचारावे.

क्ष-किरण विवर्तनाची (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखण्याची) सोय असलेल्या संस्थेत नमुना पाठवणे शक्य असेल तर अवश्य पाठवावा. तांब्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांनी घेतलेल्या आलेखात ६.७, ९.५, ११.६ आणि १३.४ अंशांच्या आसपास शिखरे दिसावीत, आणि त्यांत ११.६ चे सर्वांत उंच असावे. पुण्यातील आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) यांसारख्या संस्थांत या पदार्थांवर नियमित संशोधन होत असल्यामुळे विद्यार्थ्यांना तिथली प्रयोगशाळा दाखवून आणणेही उपयोगी ठरते.

वायू वेगळा होताना पाहणे

इथिलीनकडे वळण्यापूर्वी कार्बन डायऑक्साइडवर भुकटी तपासावी, कारण तो वायू सहज करता येतो आणि बदल डोळ्यांना दिसतो. ६० मिलिलिटरच्या दोन सिरिंजा, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या दोन थ्री-वे तोट्या आणि बोटाएवढी काचेची नळी घ्यावी. नळीत कापसाचा छोटा बोळा, त्यावर १ ग्रॅम गडद निळी भुकटी आणि वर पुन्हा बोळा, असे शक्य तितक्या लवकर भरून दोन्ही टोकांना तोट्या जोडून बंद कराव्यात.

वायू तयार करण्यासाठी खायचा सोडा आणि सायट्रिक आम्लाचे द्रावण वापरावे. व्हिनेगर किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल वापरल्यास त्याची वाफ वायूबरोबर जाऊन मॉफला इजा करते. सायट्रिक आम्लाला वाफ नाही. बाहेर पडणारा वायू निर्जल कॅल्शियम क्लोराइडने भरलेल्या नळीतून नेऊन कोरडा करावा, पहिला भाग हवेत सोडून द्यावा आणि मग एका सिरिंजमध्ये बरोबर ५० मिलिलिटर भरून घ्यावा. दुसऱ्या सिरिंजचा दट्ट्या पूर्ण आत असावा. तोट्या उघडून वायू भुकटीतून एका सिरिंजमधून दुसऱ्या सिरिंजमध्ये सावकाश पाच-सहा वेळा फिरवावा. प्रत्येक फेरीला दोन्ही दट्ट्यांवरचे एकूण आकारमान कमी होत जाते, आणि नळीवर बोट ठेवले तर ती कोमट लागते, कारण रेणू भिंतीला चिकटताना उष्णता सोडतात. साध्या तापमानाला आणि वातावरणीय दाबाला हा मॉफ प्रति ग्रॅम साधारण ४ मिलीमोल, म्हणजे शंभरेक मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड धरू शकतो, तर नायट्रोजन त्याच्या कितीतरी कमी धरतो. हाच प्रयोग कोरड्या हवेवर केल्यास दट्ट्या जवळपास हलत नाही.

तिसऱ्या वेळी मुद्दाम मोरपंखी, पाणी प्यायलेली भुकटी भरून तोच प्रयोग करावा. फरक इतका स्पष्ट असतो की दमटपणा हा मॉफचा पहिला शत्रू आहे, हे पुन्हा सांगावे लागत नाही.

उद्योगातील वायू-विलगीकरण याच तत्त्वावर चालते, पण तिथे नेमका हा मॉफ वापरत नाहीत. कॅलगरी विद्यापीठात तयार झालेला कॅल्फ-२० हा झिंक, ट्रायाझोल आणि ऑक्झलेट यांचा मॉफ आहे. सिमेंट कारखान्यासारख्या ठिकाणच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी तो पुढे आला, कारण धुरात ओल असली तरी तो मध्यम आर्द्रतेपर्यंत पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडला प्राधान्य देतो. इथिलीन आणि इथेन वेगळे करण्यासाठी आज दाबाखाली, शून्याच्या बरेच खाली थंड करून उंच स्तंभांत ऊर्ध्वपातन करावे लागते, कारण साध्या दाबाला इथिलीन उणे १०४ अंशांना आणि इथेन उणे ८९ अंशांना उकळते. ही वीज वाचवण्यासाठी इथिलीनच्या दुहेरी बंधाला पकडणाऱ्या उघड्या धातूच्या जागा, म्हणजे एक बाजू मोकळी असलेले धातूचे अणू, उपयोगी पडतात, आणि एचकेयूएसटी-१ मधील तांब्याच्या जागा त्याच प्रकारच्या आहेत. केळ्यांच्या खोक्यात हा मॉफ ठेवून पाहावा, ही कल्पना तिथूनच सुचते.

केळ्यांवरची चाचणी

एकाच घडातल्या शेजारच्या फण्या घ्याव्यात. वेगवेगळ्या घडांतील केळ्यांची पक्वता निराळी असते आणि तेवढ्यानेही निष्कर्ष उलटा येऊ शकतो. साधारण १५ लिटरचे झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घेऊन प्रत्येकात एक किलो हिरवी केळी आणि, इथिलीनचा स्रोत म्हणून, एकच पूर्ण पिकलेले केळे ठेवावे. पहिल्या डब्यात काहीच ठेवू नये. दुसऱ्यात पोटॅशियम परमँगनेटची पुडी ठेवावी. त्यासाठी विटेचे वाटाण्याएवढे तुकडे परमँगनेटच्या संपृक्त द्रावणात भिजवून सावलीत सुकवावेत. तिसऱ्यात २ ग्रॅम सक्रिय, म्हणजे पोकळ्या रिकाम्या केलेल्या गडद निळ्या, मॉफची पुडी ठेवावी. शक्य असल्यास चौथ्या डब्यात मॉफची पुडी सिलिका जेलच्या मोठ्या पुडीत गुंडाळून ठेवावी. प्रत्येक प्रकारचे किमान तीन डबे असावेत. एकेका डब्यावरून काढलेला निष्कर्ष मी मान्य करत नाही.

पुडी रिकाम्या टी बॅगची किंवा न विणलेल्या कापडाची असावी, दुहेरी असावी आणि झाकणाला आतून चिकटवावी, म्हणजे भुकटी फळावर सांडणार नाही. या चाचणीतली फळे कोणीही खाऊ नयेत, हे डब्यांवर ठळक लिहावे. तांब्याचा मॉफ अन्नाला लागता कामा नये, आणि असा पदार्थ विकायच्या मालाच्या वेष्टनात घालणे तर मुळीच योग्य नाही.

फळे श्वास घेतात. डबा पूर्ण हवाबंद ठेवला तर आतला ऑक्सिजन संपून केळ्यांना आंबूस वास येतो आणि पिकणे थांबते ते निराळ्याच कारणाने. म्हणून सर्व डब्यांचे झाकण दिवसातून एकदा एक मिनिट उघडावे. सर्व डबे एकाच खोलीत, एकाच फळीवर ठेवावेत. ते फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण केळ्याला १३ अंशांच्या खाली थंडी बाधते आणि साल काळी पडते.

रोज ठरावीक वेळी सालीचा रंग १ ते ७ या श्रेणीत लिहावा, ज्यात १ म्हणजे पूर्ण हिरवे आणि ७ म्हणजे तपकिरी ठिपके पडलेले पिवळे. श्रेणी देणाऱ्या विद्यार्थ्याला कोणता डबा कोणता हे माहीत नसावे. दिवसाआड प्रत्येक डब्यातले एक केळे कापून त्याच्या चकतीवर आयोडीनचे पातळ द्रावण टाकावे. कच्च्या केळ्याची चकती काळीभोर होते, पिकत जाणाऱ्या केळ्यात मध्यापासून पांढरी जागा पसरत जाते, आणि स्टार्चची साखर होताना दिसण्याचे इतके स्वच्छ चित्र मला दुसरे माहीत नाही. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर ब्रिक्सही (रसातल्या साखरेचे माप) नोंदवावे. पुडीतील भुकटीचा रंगही रोज लिहावा. ही नोंद बहुतेक जण विसरतात आणि शेवटी तीच सर्वांत जास्त सांगून जाते.

निष्कर्ष कसा वाचावा

आमच्या वर्गात बहुतेक वेळा असे घडले की परमँगनेटचा डबा टिकण्यात पुढे राहिला, आणि मॉफचा डबा व रिकामा डबा यांत विशेष फरक दिसला नाही. तिसऱ्या डब्यातली भुकटी दुसऱ्याच दिवशी मोरपंखी झालेली होती. विद्यार्थी निराश होतात, पण याचे कारण आकड्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

केळी आणि आंबा ही फळे २० अंशांना दर किलोला तासाला साधारण १ ते १० मायक्रोलिटर इथिलीन सोडतात. ५ मायक्रोलिटर धरले तर पाच दिवसांत ६०० मायक्रोलिटर, म्हणजे ०.६ मिलिलिटर, अर्थात ०.०२५ मिलीमोल. ही मात्रा क्षुल्लक आहे. मॉफच्या जाहिरातीसारख्या लेखांत प्रति ग्रॅम ७ मिलीमोल असे आकडे असतात, त्यावरून काही मिलिग्रॅम भुकटी पुरेल असे वाटते. पण ते आकडे शुद्ध इथिलीनच्या एक बार (साधारण वातावरणाएवढ्या) दाबाचे असतात आणि केळ्याच्या डब्यात इथिलीनचा दाब त्याच्या दशलक्षांश भागाइतका असतो. समजा एखाद्या भुकटीची कमाल क्षमता ७ मिलीमोल आहे आणि ०.१ बारला ती निम्मी भरते. दाबानुसार पृष्ठभाग किती भरतो ते सांगणाऱ्या साध्या लँगम्युअर समीकरणाने हिशेब केला तर एक पीपीएमला (दहा लाख भागांत एक भाग) ती प्रति ग्रॅम फक्त ०.००००७ मिलीमोल धरेल. म्हणजे ०.०२५ मिलीमोल पकडायला साडेतीनशे ग्रॅम भुकटी लागेल, एक किलो केळ्यांसाठी!

परमँगनेटचे गणित वेगळे आहे, कारण तो इथिलीनला धरून ठेवत नाही, जाळून टाकतो. एका इथिलीनला चार परमँगनेट धरले तर ०.०२५ मिलीमोलला १६ मिलिग्रॅम पुरतात. प्रत्यक्षात पृष्ठभागापुरतीच क्रिया होत असल्यामुळे कितीतरी जास्त घालावे लागते, तरी ते दोन-चार ग्रॅमच्या पुडीत बसते.

त्यात पाण्याची भर पडते. २५ अंशांना ९० टक्के आर्द्रता असलेल्या डब्यात पाण्याच्या वाफेचे प्रमाण सुमारे २८,००० पीपीएम असते. एका इथिलीनच्या रेणूमागे तांब्याच्या त्याच जागेवर बसायला पाण्याचे अठ्ठावीस हजार रेणू रांगेत उभे असतात, आणि तांबे पाण्याला अधिक घट्ट धरते. म्हणूनच फळांसाठी कोणताही अधिशोषक निवडताना दोन गोष्टी प्रथम विचाराव्यात: एक पीपीएमच्या आसपास तो किती धरतो, आणि ९० टक्के आर्द्रतेत त्यातले किती उरते. विकणारा या दोन्हींऐवजी एक बारचा आकडा पुढे करत असेल, तर शेतकऱ्याने किंवा वखारवाल्याने पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. झिंकचा झिफ-८ हा मॉफ पाण्याला घाबरत नाही, त्याच्या पोकळ्या पाण्याला दूर ठेवतात, पण त्यात उघड्या धातूच्या जागा नसल्यामुळे अल्प दाबाचे इथिलीन तो फारसे पकडत नाही.

मॉफ फळांच्या कामी आला तो उलट बाजूने. १-मिथाइलसायक्लोप्रोपीन हा वायू फळातील इथिलीन स्वीकारणाऱ्या जागा अडवून बसतो आणि पिकणे लांबवतो. त्याची मात्रा अगदी अल्प लागते, पण तो वायू तसाच साठवणे आणि हळूहळू सोडणे कठीण असते. मॉफच्या पोकळीत तो भरून ठेवायचा आणि गोदामात गरजेनुसार सोडायचा, या तत्त्वावरचे ट्रूपिक हे उत्पादन २०१६ मध्ये बाजारात आले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातून निघालेल्या एका कंपनीचे ते तंत्र होते. इथे मॉफ शोषणारा नाही, कोठार आहे, आणि कोठाराला पीपीएमची अडचण येत नाही. विद्यार्थ्यांना पुढचा प्रकल्प द्यायचा असेल तर मी हीच दिशा देतो. आपल्याकडे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे आणि इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरण्यास मुभा आहे. त्यामुळे पकडण्याइतकाच मापून सोडण्याचा प्रश्नही आपल्या वखारींसाठी खरा आहे.

भुकटी पुन्हा वापरणे

चाचणीनंतर मोरपंखी झालेली भुकटी टाकून देऊ नये. ती पुन्हा इथेनॉलमध्ये भिजवून, वरच्याच क्रमाने ६० आणि मग १२० अंशांवर तापवली की बहुतेक वेळा गडद निळा रंग परत येतो, आणि सिरिंजच्या प्रयोगाने तिची क्षमता किती शिल्लक आहे ते मोजता येते. प्रत्येक फेरीनंतरचा आकडा तारखेसह बरणीवर लिहावा. ओलीत फार दिवस राहिलेल्या भुकटीचा रंग मात्र तापवूनही फिकटच राहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात सुयांसारखे कण दिसतात. सांगाडा मोडल्याची ती खूण होय. अशी भुकटी सोड्याने बसवलेल्या तांब्याच्या साक्याबरोबर कचऱ्याच्या बरणीत टाकावी आणि नवीन घाणा सुरू करताना तिच्यातला चिमूटभर अंशही मिसळू देऊ नये.